ऑटोमॅटिक पिकअपचा गिअरबॉक्स थंड कसा ठेवायचा : पुण्यातल्या नव्या मालकांसाठी

पुण्यात टोयोटाची हायलक्स किंवा इसुझूची व्ही-क्रॉस ऑटोमॅटिक घेणाऱ्यांची एक समजूत हमखास असते : एक्स्प्रेसवेवर गाडी दामटली की गिअरबॉक्स तापतो. खरं तर उलट आहे. एकसारख्या वेगाने उर्से टोलनाक्याकडे जाताना गिअरबॉक्सला फारसा त्रास नसतो. तो तापतो रविवारी सकाळी सिंहगडाच्या घाटात, पुढे गाड्यांची रांग, हौद्यात सामान आणि गाडी फूटफूटभर सरकतेय अशा वेळी. एवढं ध्यानात आलं की बाजारातून काय विकत आणायचं हा प्रश्न आपोआप मागे पडतो. उष्णता आधी कमी तयार होऊ द्यायची आणि मग उरलेली बाहेर काढायची, असा क्रम ठेवा.

उष्णता येते कुठून

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लच असतो, तर ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर. बंद डब्यात समोरासमोर दोन पंखे आणि डबाभर तेल अशी त्याची रचना. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल फेकतो आणि त्या तेलाच्या जोरावर दुसरा पंखा फिरून चाकांपर्यंत ताकद पोचते. दोन पंख्यांच्या वेगात जेवढी तफावत, तेवढी ताकद तेल घुसळण्यात वाया जाते आणि तिची उष्णता होते. गाडीने वेग धरला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू जखडून टाकतो. घसरण थांबते आणि तापणंही जवळजवळ थांबतं.

आता हिशेब करा. चाक दगडाला अडलंय, गाडी हलत नाही आणि तुम्ही ॲक्सिलरेटर दाबून ठेवलाय. इंजिन १५०० आरपीएमवर १५० न्यूटन-मीटर टॉर्क देत असेल तर ताकद झाली साधारण २४ किलोवॉट. चाकं फिरत नाहीत, म्हणजे ती सगळी तेलात. बाथरूममधले दोन किलोवॉटचे बारा गिझर एकाच वेळी लावल्यासारखं झालं. आणि हायलक्स ऑटोमॅटिकचं इंजिन ५०० न्यूटन-मीटरपर्यंत, व्ही-क्रॉसचं ३६० पर्यंत जातं, त्यामुळे १५० हा आकडा काही फुगवलेला नाही.

तेलाचं तापमान ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान असेल तर सगळं ठीक. घाटात थोडा वेळ १००-११० दिसलं तर घाबरायचं कारण नाही. १२० च्या पुढे जायला लागलं की थांबायची जागा शोधायची. गॅरेजवाल्यांमध्ये एक ढोबळ नियम सांगतात, की ८० च्या वर दर १० अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. आजची सिंथेटिक तेलं त्याहून टणक आहेत, पण दिशा तीच. तापलेलं तेल ऑक्सिडाइझ होतं, त्याचा चिकट थर व्हॉल्व्हबॉडीतल्या (तेलाचा दाब इकडे-तिकडे वळवणाऱ्या भागातल्या) बारीक व्हॉल्व्हवर बसतो, रबरी सील कडक होतात, मग दाब कमी पडतो आणि गिअर बदलणाऱ्या आतल्या क्लचप्लेटा घसरायला लागतात. घसरणाऱ्या प्लेटा आणखी उष्णता करतात. हे चक्र सुरू झालं की गिअरबॉक्स उतरवण्याखेरीज पर्याय राहत नाही, आणि ते बिल ऐकून माणूस खुर्चीत बसतो.

पायरी १ : आपला कूलर कुठे आहे ते बघा

गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा कूलर प्रत्येक गाडीत असतो, फक्त जागा वेगळी. गाडी सपाटीवर, इंजिन थंड. बॉनेट उघडा आणि गिअरबॉक्सकडून पुढे आलेले दोन धातूचे पाइप कुठे जातात ते टॉर्च मारून बघा. ते रेडिएटरच्या बाजूच्या टाकीत शिरत असतील तर कूलर रेडिएटरच्या आत आहे. पुढच्या जाळीमागे, एसीच्या कंडेन्सरजवळ छोटी वेगळी जाळी दिसली तर तो हवेवर थंड होणारा कूलर. काही गाड्यांत गिअरबॉक्सच्या अंगालाच पाण्यावर चालणारा चौकोनी ठोकळा असतो. आणि काहींत यातले दोन प्रकार एकत्रही असतात.

पाण्यावरच्या कूलरची एक मर्यादा आहे. इंजिन थंड ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंटच ८५-९५ अंशांवर फिरत असतं, त्यामुळे तेल त्याच्या फार खाली जात नाही. पण त्याचा फायदाही आहे. डिसेंबरातल्या पहाटे पाषाणला पारा दहाच्या आसपास असतो तेव्हा हेच कूलंट तेलाला लवकर गरम करतं. थंडगार घट्ट तेलही गिअरबॉक्सला सोसत नाही.

यातून एक साधी गोष्ट निघते : कूलंट आजारी तर गिअरबॉक्स आजारी. आपल्याकडे टाकी खाली दिसली की बोअरचं पाणी ओतायची सवय आहे. ते जड पाणी, त्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. कंपनीच्या पुस्तकात सांगितलेलं तयार कूलंट वापरा. अडचणीच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर, तेही बॅटरीवाल्याकडचं, गाडीत एक बाटली राहू द्या.

रेडिएटरमधला कूलर आतून फुटला तर तेल आणि कूलंट मिसळतं. कूलंटच्या टाकीत गुलाबी दुधट साय आल्यासारखं दिसतं. असं दिसलं तर गाडी सुरूच करू नका. क्लचप्लेटांचं अस्तर कागदी धाग्यांचं असतं, चिकटवलेलं. पाणी लागलं की ते सुटतं.

पायरी २ : तापमान दिसायची सोय करा

डॅशबोर्डवरचा काटा इंजिनच्या कूलंटचा आहे, गिअरबॉक्सचा नव्हे. गिअरबॉक्सचं तेल ११५ वर असताना तो काटा मध्यावर शांत उभा राहू शकतो. बहुतेक गाड्यांत तेल तापल्याचा दिवा असतो, पण तो लागतो तोवर उशीर झालेला असतो.

उपाय स्वस्त आहे. स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडायचं सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथचा छोटा डोंगल आणि फोनवरचं ॲप एवढं पुरतं. फक्त एक : गिअरबॉक्सच्या तापमानाचा कोड प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. त्यामुळे ॲप घेण्याआधी त्यात आपल्या मॉडेलचा कोड आहे का ते तपासा, नाहीतर नुसतं इंजिनचंच तापमान बघत बसाल. डोंगल कायम लावून ठेवू नका, काही स्वस्त डोंगल बॅटरी खातात.

मग आपल्या गाडीचं नेहमीचं तापमान ओळखून घ्या. रिकामी गाडी सातारा रस्त्याने शिरवळपर्यंत न्या आणि आकडा बघा. नंतर तीच गाडी खंबाटकीत चढवा. पुण्याकडून जाताना जुना घाटरस्ता चढाचा आहे, हे इथे सोयीचं पडतं. घाटमाथ्यावर किती अंश वाढले आणि खाली उतरून सपाटीला लागल्यावर किती वेळात पूर्ववत झाले, हे वहीत लिहून ठेवा. वर्षभराने तोच घाट, तेवढाच भार, तसंच ऊन असताना आकडा दहा अंशांनी जास्त दिसला तर काहीतरी बिघडायला लागलंय, हे गॅरेजवाल्याच्या आधी तुम्हाला कळेल.

पायरी ३ : पुढची जाळी मोकळी ठेवा

पैसा न लागणारी आणि सगळ्यात दुर्लक्षित पायरी. कंडेन्सर, कूलर आणि रेडिएटर एकामागे एक उभे असतात. दौंड-बारामतीकडे उसाच्या हंगामात फिरलात की पाचटाचा बारीक कचरा, माश्या आणि धूळ या तिन्हींच्या मध्ये जाऊन बसते. वरून जाळी स्वच्छ दिसते, आत नमदा झालेला असतो.

इंजिन थंड असताना बागेच्या नळीने, हलक्या धारेने, जमेल तिथे आतून बाहेर पाणी मारा. वॉशिंग सेंटरवाल्याची प्रेशर गन जाळीजवळ आणू देऊ नका, नाजूक पात्या आडव्या होतात आणि मग हवा कायमची अडते. पावसाळ्यानंतर एकदा आणि उसाच्या हंगामानंतर एकदा, एवढं तरी कराच.

जाळीसमोर लावलेले मोठे लाइट, देवाच्या नावाची पाटी, लोखंडी गार्ड, हे सगळं हवा अडवतं. लोखंडी बुलबार तर नियमातही बसत नाही.

पायरी ४ : चालवायची पद्धत

इथे थोडं जास्त थांबू, कारण निम्म्याहून अधिक उष्णता इथेच वाचते.

शहरात. हिंजवडीहून वाकडकडे संध्याकाळी निघालात की पुढची गाडी हात-दीड हात सरकली की आपणही सरकायचं, अशी सगळ्यांची सवय. प्रत्येक वेळी कन्व्हर्टर शून्यातून घसरत सुरू होतो. त्यापेक्षा ब्रेक दाबून उभे राहा, पुढे दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्या आणि मग एकदाच नीट पुढे जा. मध्ये एखादा रिक्षावाला घुसेल. घुसू द्या. थोड्या वेळाच्या सिग्नलला डी मध्ये ब्रेक धरून राहिलेलं चालतं. मिनिटापेक्षा जास्त थांबायचं असेल तर एन मध्ये टाकून हँडब्रेक लावा. पण दर दहा सेकंदांनी डी-एन-डी करत बसू नका, त्यात आतल्या क्लचना विनाकारण काम लागतं. पार्किंगमध्ये गाडी पूर्ण थांबल्याशिवाय डी मधून आर मध्ये टाकायचं नाही.

घाटात. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरायची नाही. थांबायचं तर ब्रेकने, ऑटो-होल्ड असेल तर त्याने. ॲक्सिलरेटरवर तोलणं ही मॅन्युअलवर हाफ क्लच करून घाटात उभं राहायची जुनी सवय आहे आणि ऑटोमॅटिकमध्ये ती तशीच चालू राहते, कारण इथे क्लच जळल्याचा वास लगेच येत नाही.

चढ लागला की गिअरचा दांडा मॅन्युअल बाजूला घ्या आणि गिअर स्वतः धरा. डी मध्ये सोडलं तर कात्रजसारख्या चढावर गाडी तिसरा-चौथा-तिसरा-चौथा करत बसते, प्रत्येक बदलाला लॉक-अप सुटतो आणि कन्व्हर्टर पुन्हा घसरतो. एक गिअर खाली घेऊन या डिझेल इंजिनांना २००० ते २५०० आरपीएमच्या आसपास फिरू द्या. आवाज वाढेल, डिझेल किंचित जास्त जाईल, पण लॉक-अप टिकण्याची शक्यता वाढते, तेलाचा पंप जोरात चालतो आणि कूलरमधून जास्त तेल फिरतं. इंजिन कण्हत-कुंथत १२०० वर चढवणं म्हणजे काटकसर, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त डोंगल लावून दाखवतो.

सिंहगडाची सुट्टीच्या दिवसाची रांग हा वेगळा प्रकार. तिथे वेगच मिळत नाही, त्यामुळे लॉक-अप लागत नाही आणि जाळीतून हवाही येत नाही. गोळेवाडीलाच रांग दिसली तर खाली चहा प्या, किंवा मंगळवारी या. चढायचंच असेल तर पहिला गिअर धरून, पुढे मोकळी जागा होऊ देत, टप्प्याटप्प्याने चढा. एसी बंद केलात तर कंडेन्सरची उष्णता तेवढी कमी होते. मे महिन्यात दुपारी चाळिशीच्या उन्हात घरचे ऐकणार नाहीत हे मला माहीत आहे.

ताम्हिणीत उलटं गणित आहे. जाताना उतार, पण कोकणातून आंब्याच्या पेट्या भरून येताना विळ्यापासून चढ, म्हणजे भार आणि चढ एकत्र. उतरताना खालचा गिअर धरून इंजिनचा ब्रेक वापरा. न्यूट्रलमध्ये उतरणं हा तर वेडेपणा आहे, ब्रेक तापून लागेनासे होतात.

चिखलात आणि दगडात. मुळशी-पौडच्या आतल्या प्लॉटवर, पानशेतच्या बाजूला कच्च्या चढावर गाडी नेणार असाल तर फोर-लो (चारही चाकांना हळू वेगात जास्त जोर देणारी फोर-व्हील ड्राइव्हची सोय) लावायला लाजू नका. अनेक जण ‘फोर-हाय मध्ये चढतेय की’ म्हणून तसंच रेटतात. चारही चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस गिअरबॉक्स आणि चाकांच्या मध्ये बसते आणि लो मध्ये टॉर्क अडीच पटीच्या आसपास वाढवते. म्हणजे चाकांना तीच ताकद द्यायला गिअरबॉक्सवर खूपच कमी जोर येतो आणि कन्व्हर्टर कमी घसरतो. तापमान झपाट्याने उतरवणारा याहून सोपा उपाय गाडीतच बसवलेला आहे. फक्त कोरड्या डांबरावर फोर-हाय किंवा फोर-लो वापरायचं नाही, पुढचे-मागचे ॲक्सल एकमेकांना पिळतात. टू-व्हील ड्राइव्ह ऑटोमॅटिक असेल तर ही सोय नाही, तेव्हा त्या चढावर न जाणं हाच उपाय.

गाडी अडकलीच तर डी-आर-डी करून झुलवणं दोन-तीनदा ठीक. त्यानंतर ॲक्सिलरेटर सोडा, खाली उतरा, फावड्याने चाकासमोरची माती काढा, टायरची हवा कमी करा.

भार. उरुळी कांचनच्या नर्सरीतून कुंड्या आणि माती आणणाऱ्यांनी लक्षात ठेवा : एक घनमीटर ओली माती दीड टनाच्या पुढे जाते. हौदा अर्धा भरलेला दिसतो आणि गाडी मर्यादेच्या पलीकडे गेलेली असते. पुस्तकातलं कमाल एकूण वजन उघडून बघा, त्यातून गाडीचं स्वतःचं वजन आणि पाच माणसांचं वजन वजा करा. जो आकडा उरतो तो बघून बरेच जण चकित होतात. मोठे टायर टाकले की तोच गिअर लांब होतो, म्हणजे चढावर इंजिनला जोर कमी पडतो आणि कन्व्हर्टर जास्त घसरतो. दिसायला छान दिसतात, मान्य.

पायरी ५ : तेल

‘साहेब, ऑटोमॅटिकचं ऑइल लाइफटाइम असतं, हात लावू नका’, हे वाक्य पुण्यातल्या निम्म्या गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं. सपाट रस्त्यावर हलक्या चालवलेल्या गाडीसाठी ते कदाचित चालून जाईल. घाट, ट्रॅफिक आणि भार असेल तर पुस्तकातलं खडतर वापराचं वेळापत्रक बघा. माझ्या मते अशा गाडीत ६० ते ८० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलावं, आणि एकदा १३० च्या वर गेलं असेल तर किलोमीटर न बघता.

तेल कंपनीने सांगितलेलंच. हायलक्सला टोयोटाचं डब्ल्यूएस लागतं, ते पातळ जातीचं आहे. ‘सगळ्याला चालतं’ म्हणून मिळणारं दुसरं लाल तेल त्यात मिसळू नका. नुसत्या रंगावरून निकाल देऊ नका, चांगलं तेलही काळपट होतं. मात्र जळका वास आला किंवा चेंबरमधल्या (गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या तबकातल्या) चुंबकावर राखेसारख्या मळीऐवजी धातूचे कण सापडले तर विषय गंभीर आहे.

चेंबरचा बोल्ट काढून तेल सोडलं तर सगळं निघत नाही, बरंच कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून काही जण थोड्या अंतराने पुन्हा एकदा बदलतात. पातळी तपासणं नवख्याचं काम नव्हे. या गाड्यांत बहुधा डिपस्टिक नसते, इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला आल्यावर बोल्टच्या भोकातून पातळी बघावी लागते. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, जास्त असेल तर फेस होतो, आणि दोन्हींत गिअरबॉक्स तापतो. गॅरेजवाला तापमान न मोजता पातळी बघत असेल तर दुसरं गॅरेज शोधा.

पायरी ६ : जादा कूलर, खरंच लागला तर

वरचं सगळं करूनही नेहमीच्या कामात आकडा ११०-१२० वर राहत असेल तरच इकडे वळा. नाना पेठेत विचारलंत तर दोन जाती दिसतील : नळी आणि पात्यांची, आणि एकावर एक पट्ट्या रचलेली. दुसरी घ्या, तेवढ्याच जागेत ती जास्त उष्णता काढते. तेल आधी गाडीच्या मूळ कूलरमधून आणि मग नव्यातून जाऊन परत यावं. तापमानावर चालणारा बायपास व्हॉल्व्ह (तेल थंड असेल तर ते कूलरला वगळून परत पाठवणारा) हवाच, हिवाळ्यातल्या सकाळींसाठी. पाइप गिअरबॉक्सच्या तेलाचा दाब आणि उष्णता सोसणारेच वापरा, पाण्याचा किंवा डिझेलचा पाइप काही महिन्यांत फुगतो. कूलर कंडेन्सरच्या पुढे, थोडी फट ठेवून, पट्टीच्या ब्रॅकेटवर बसवा. जाळीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून बांधणारा फिटर असेल तर चावी परत घ्या, त्या पट्ट्या घासून कंडेन्सरला भोक पाडतात. वॉरंटी चालू असेल तर आधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्या.

तापलाच तर

दिवा लागला किंवा आकडा १२५ कडे गेला तर सुरक्षित, सपाट जागी थांबा. पी मध्ये टाका, एसी बंद करा आणि इंजिन चालू ठेवा. तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो, इंजिन बंद केलंत तर गरम तेल जागच्या जागी शिजतं. कूलंटचा काटा ठीक असेल तर आरपीएम किंचित वाढवून १०००-१२०० वर ठेवा. आकडा शंभराच्या खाली आला की हळू निघा. इंजिनच उकळत असेल किंवा खाली तेल गळताना दिसत असेल तर मात्र लगेच बंद करा. गरम गिअरबॉक्सवर बादलीने पाणी ओतायचं नाही.

पावसाळ्यात याचीच एक वेगळी शक्यता. घाट चढून आलेली तापलेली गाडी थेट ओढ्यात घातली तर गिअरबॉक्स एकदम थंड होऊन आतली हवा आक्रसते आणि ब्रीदरच्या, म्हणजे गिअरबॉक्समधली हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या नळीतून पाणी आत ओढलं जाऊ शकतं. ओढ्याच्या काठाला पाच-दहा मिनिटं थांबा. ब्रीदरचं टोक किती उंचीवर आहे हे एकदा सर्व्हिसच्या वेळी बघून घ्या.

गाडी बंद पडली आणि ओढून न्यायची वेळ आली तर चाकं जमिनीवर ठेवून दोरीने ओढू देऊ नका. इंजिन बंद असताना पंप फिरत नाही, आतल्या बेअरिंगना तेल मिळत नाही. चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेडच मागवा आणि फोनवरच सांगा की गाडी ऑटोमॅटिक, फोर-बाय-फोर आहे, नाहीतर एक टोक उचलणारी क्रेन येऊन उभी राहते.